गुरुशांतप्पाचे पाय

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. रझाकारांची धामधूम अजून यायची होती. मंठाळचा निंगप्पा वेळा अमावस्येच्या रात्री, जेवणं उरकल्यावर, हातात कंदील आणि काठी घेऊन आपल्या शेताकडं जागलीला निघाला. मार्गशीर्षातली अमावस्या ती. आपल्याकडं तिला येळवस म्हणतात हे तुम्हाला काय सांगायचं. भज्जी-आंबिल हाणून झाडाखाली दिवसभर लोळणारे तुम्हीच! त्या रात्री गावातला एकही माणूस जागलीला जायला राजी नसतो. पोट जड असतं आणि डोळे त्याहून जड. पण निंगप्पाचा सालगडी सणासाठी आपल्या गावी गेला होता. ज्वारी निसवली होती, रानडुकरं लागली होती. एक रात्र शेत उघडं टाकलं असतं तर सकाळी नुसती मोडकी ताटं हाती लागली असती.

"एकटं जाऊ नगा," त्याची बायको चंद्रम्मा दारात येऊन म्हणाली.

"मंग काय डुकरं येतेत राखायला?" असं म्हणून तो निघाला. इतकी साधी गोष्ट.

मी हे बनवून सांगत नाही. निंगप्पा माझ्या थोरल्या चुलत्याचा जोडीदार. म्हातारपणी आमच्या ओसरीवर येऊन बसायचा. त्यानं हे काकांना एकदाच सांगितलं आणि काकांनी मला. तेव्हा कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आणि ए, तू तिकडं मांडी हलवू नको. मांडी हलवली की घरातली लक्ष्मी जाते म्हणतात. काय दात काढतोस? गुरुशांतप्पालाही लोक हेच म्हणायचे.

गुरुशांतप्पा म्हणजे निंगप्पाचा बाप. बायको लवकर गेलेली. दोन लेकरं, थोरला निंगप्पा आणि बरीच धाकटी ईरम्मा. माणूस तोंडाचा गोड, हाताचा सढळ, मठातल्या भजनात टाळ धरणारा. पन्नाशी उलटली आणि तो वाळायला लागला. घागरभर पाणी प्यायचा तरी तहान भागायची नाही. कल्याणीच्या हकिमानं नाडी बघून सांगितलं, जियाबेतस. लघवीवाटे साखर जातेय. गूळ बंद, भात बंद. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण मग पाय सुरू झाले.

दिवसभर पाय शहाण्यासारखे असायचे. दिवेलागण झाली, हा मांडी घालून बसला, की पोटरीच्या आत काहीतरी सरपटायला लागायचं.

"दुखत न्हाई रे," तो लेकाला म्हणायचा. "दुखलं असतं तर सोसलं असतं. हाडात गोम चालल्यावानी व्हतंय. पाय हालवला की थांबतंय, ठिवला की पुन्ना सुरू."

आडवं झाल्यावर तर विचारूच नका. पाय आपोआप झटके द्यायचे. चालायला लागला की मात्र बरं वाटायचं. मग सगळं गाव घोरत असताना हा म्हातारा अनवाणी पायांनी गल्लीतून येरझारा घालायचा. आज डॉक्टरला विचारा. साखरेच्या माणसाला असं होतं, त्याला नाव आहे, गोळी आहे. तेव्हा काही नव्हतं. कुणी म्हणालं करणी केलीय. कुणी म्हणालं, बिनबायकोचा माणूस एवढ्या रात्री कुठं जातो ते काय आम्हाला कळत नाही? भजनात त्याची मांडी हलायला लागली की शेजारचा सरकून बसायचा. शेवटी त्यानं भजनाला जाणंच सोडलं.

निंगप्पा काही वाईट लेक नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. सुरुवातीला रोज रात्री तो बापाचे पाय चेपायचा. आईबापाचे पाय चेपणं म्हणजे पुण्य, असं आपण सगळेच म्हणतो. पण दिवसभर औत हाकून आलेल्या हातांना ते पुण्यही जड होतं. हळूहळू तो "अप्पा, झोपा की आता" म्हणून कूस बदलायला लागला. आणि थकव्यापेक्षाही त्याला खाऊन टाकलं ते लाजेनं. चावडीपुढून जाताना कुणी नुसतं खोकललं तरी त्याला वाटायचं, हा आपल्या बापालाच खोकललाय. ईरम्मासाठी आलेलं एक स्थळ "घरात रोग हाय म्हणं" एवढं बोलून परत गेलं, तेव्हापासून तर तो बापाशी धड बोलेनासा झाला.

त्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि आळंदहून दुसरं स्थळ आलं. तुरीचा व्यापारी काशाप्पा, सोबत त्याचा मुलगा. चांगलं, खातंपितं घर. आळंद लांब, तेव्हा पाहुणे मुक्कामाला राहणार हे ठरलेलंच. संध्याकाळी पाहुणे मठात दर्शनाला गेले. तेवढी वेळ साधून निंगप्पा बापाच्या खोलीत आला. ओसरीच्या भिंतीला लागूनच ती खोली.

"अप्पा," तो खाली बघत म्हणाला, "आजची रात भाईर पडू नगा."

"मी पडतोय व्हय? पाय न्यायलेत मला."

"पावणे वसरीवर झोपनार हायेत. तुमी त्येंच्या उशाशी येरझारा घालायलात, तर ईरीचं काय व्हईल? हे बी स्थळ गेलं तर?"

म्हातारा उठला. खुंटीवरचा कासरा काढला आणि लेकाच्या हातात दिला.

"बांध," म्हणाला. "बाजंला बांध. पोरीचं भलं हू दे."

निंगप्पा नको म्हणाला असता तर ही गोष्टच झाली नसती. तो नको म्हणाला नाही. जेवणं झाल्यावर त्यानं बापाला बाजेवर निजवलं, पाय सरळ केले आणि नडग्यांवरून कासरा घेऊन दोन्ही बाजूंच्या लाकडाला बांधला.

"लई आवळू नगो रे."

"न्हाई, अप्पा."

गाठ मारताना त्यानं बापाच्या तोंडाकडं पाहिलं नाही. बाप मात्र त्याच्याकडंच बघत होता.

बायका आत, स्वयंपाकघरात निजल्या. ओसरीवर पाहुणे आणि त्यांच्याशेजारी निंगप्पा. दिवा मालवला, आणि थोड्याच वेळात भिंतीपलीकडं बाज वाजायला लागली. कुरकुर. थांबायची. पुन्हा कुरकुर. मग हाक आली, अगदी हळू, पाहुणे उठू नयेत एवढी हळू.

"निंग्या..."

थोड्या वेळानं पुन्हा.

"निंग्या, सोड रे जरा. दोन पावलं चालतो आन् पुन्ना निजतो."

शेजारी काशाप्पानं कूस बदलली. निंगप्पानं डोळे गच्च मिटले आणि घोरण्याचं सोंग केलं. उठलो तर पाहुण्यांना कळेल, जरा वेळानं जाऊ, असं तो स्वतःला सांगत राहिला. तो जरा वेळ काही संपला नाही. पहाटेकडं बाज वाजायची थांबली. आणि निंगप्पाला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. सुटलो एकदाचा असं वाटलं, आणि त्याला गाढ झोप लागली.

सकाळी बघतो तर बाप गेलेला. अंग गार. पाय लाकडासारखे सरळ.

त्यानं काय केलं असेल? आधी गाठ सोडली. कासरा गवताच्या गंजीत खुपसला. आणि मग हंबरडा फोडला.

आता आपल्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून, देवापुढं बसावं तसा बसवतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात. म्हणून जीव गेला की अंग ऊन आहे तोवर पाय दुमडून घ्यायचे असतात. शेजारपाजारचं कुणीही म्हातारं माणूस हे सांगतं आणि करतं. गुरुशांतप्पाचा जीव कधी गेला हे सांगायलाच कुणी नव्हतं.

"घर भरून मान्सं हुती," भावकीतला एकजण म्हणाला, "आन् कुनालाच कळलं न्हाई? आसं कामून झालं?"

निंगप्पा मान खाली घालून उभा राहिला. ऊन पाणी ओतलं, तेल चोळलं. पाय वळेनात. शेवटी चौघांनी धरून वळवले, तेव्हा गुडघ्यातून आवाज आला. तो आवाज अंगणात सगळ्यांनी ऐकला. मठाचे अय्या भस्म लावायला खाली वाकले, तेव्हा त्यांना नडग्यांवरचे वळ दिसले. त्यांनी एकदा निंगप्पाकडं पाहिलं. मूठभर भस्म घेऊन दोन्ही वळांवर जाड लेप दिला, कुणाला दिसू नये म्हणून. त्यांनी चारचौघांत थोबाडीत मारली असती तर निंगप्पाला बरं वाटलं असतं.

ज्या माणसाला जिवंतपणी घटकाभर मांडी घालून बसता आलं नाही, त्याला कायमचं मांडी घालून बसवलं. मांडी सुटू नये म्हणून कापडानं पक्की बांधली. शेताच्या कोपऱ्यात, लिंबाखाली, गोल खड्डा केला होता. वर मातीचा गोल उंचवटा रचला आणि माणसं परतली.

वाटेत काशाप्पा मुद्दाम मागं राहून निंगप्पाच्या बरोबरीनं चालायला लागला.

"सोयरीक पक्की समजा," तो म्हणाला. "पोरगी आमाला पसंत हाय. वरीस सरल्यावर बघू." मग जरा थांबून म्हणाला, "रातच्याला बाज वाजायली व्हती. मी जागाच व्हतो. आमच्या अप्पालाबी शक्कर व्हती, त्येंचे पाय बी असेच झटकायचे. आमी भाऊ भाऊ पाळीनं रातभर चेपायचो. मला वाटलं, उठावं आन् जाऊन चेपावं. पर परक्याच्या घरात कसं उठावं? म्हनलं, लेक उठंल की."

भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं निंगप्पाला झालं. ज्या माणसापासून लपवण्यासाठी बापाला बांधला, तोच माणूस बापाचे पाय चेपायला निघाला होता.

"मला... डोळा लागला व्हता," निंगप्पा म्हणाला.

काशाप्पानं त्याच्याकडं बघितलं आणि तो पुढं चालायला लागला.

तेव्हापासून निंगप्पा दिवे लागल्यावर त्या शेताकडं फिरकला नव्हता. जागलीला गड्यालाच पाठवायचा. आणि आता, दीड महिन्यानं, ही अवसेची रात्र. कल्याणीच्या रस्त्यावरून तो आत वळला, बांधाबांधानं शेतात आला. दुपारी इथंच पंगत बसली होती. खरकट्या पत्रावळी वाऱ्यानं सरकत होत्या. बसायला आडोसा एकच, लिंबाखालचा. तिथंच तो उंचवटा. निंगप्पानं त्याच्याकडं पाठ करून शेकोटी पेटवली, डबा वाजवून दोन-चार हाळ्या दिल्या आणि घोंगडी पांघरून बसला.

कधी डोळा लागला कळलं नाही.

जाग आली ती थंडीनं. शेकोटीची राख झाली होती. कंदील बारीक होऊन मिणमिणत होता. रातकिडे गप्प होते. लांब गावाकडं एक कुत्रं भुंकत होतं, तेही थांबलं.

मग आवाज आला.

थप्.

निंगप्पानं कान दिला. डुक्कर असेल. काठी हातात घेतली.

थप्... थप्.

ज्वारीतून नव्हता येत. पाठीमागून येत होता. खालून. मातीखालून.

तुम्ही बाजेवर कुणाला पाय झटकताना ऐकलंय? तसा. एक झटका. मग शांत. मग दुसरा.

निंगप्पा उठला. घोंगडी तिथंच पडली. तो पळाला. बांधावर पोचला, तेवढ्यात...

"निंग्या..."

हळू. अगदी हळू.

तो थांबला. काकांनी त्याला विचारलं होतं, अरे, तू थांबलास कामून? तो म्हणाला, "आवाज मोठा असता तर पळून गेलो असतो. पर त्येनं हळू हाक मारली. त्या राती मारली तशीच. पावणे उठतील म्हनून." भीती होतीच. पण लाज तिच्याहून मोठी निघाली.

तो परत फिरला.

उंचवट्यापाशी आला. खाली बसला. मांडी घातली. कंदील फडफडला आणि विझला.

काळोख. काही नाही.

काही नाही...

मग मांडीवर वजन आलं. एक.

मग दुसरं.

गार. जड. मातीतल्या दगडासारखं गार. आणि त्याला झटका बसला.

निंगप्पानं डोळे मिटले. हात आपोआप पुढं झाले. पोटरी. घोटा. टाच. बोटं एकेक करून. पुन्हा पोटरी. नडगीवर बोटांना वळ लागला. जाड. त्याच्या बोटांनी तो ओळखला. दुसऱ्या नडगीवरही होता.

"अप्पा," तो म्हणाला. "अप्पा, मी जागा व्हतो."

पाय पुन्हा झटकला.

"झोपलो नव्हतो. ऐकायलो व्हतो मी. सगळं ऐकायलो व्हतो..."

पाय झटकतच होते. तो चेपत राहिला. हात भरून आले. बोटं वळेनात. रडत होता की घामानं तोंड ओलं झालं होतं, ते त्यालाच माहीत नव्हतं. डोळे मात्र उघडले नाहीत. किती वेळ गेला कुणास ठाऊक. झटके लांबले. मग आणखी लांबले. मग एक बारीकसा आला, झोपेत लेकराला येतो तसा... आणि थांबले.

तरी तो चेपत राहिला.

गावात कोंबडा आरवला, तेव्हा मांडी हलकी झाली होती.

उजाडल्यावर त्यानं डोळे उघडले. धोतर बघितलं. माती नाही, ओल नाही, भस्माचा कण नाही. तुम्हाला वाटलं असेल काहीतरी सापडलं असेल, पण नाही सापडलं. त्याला वाटलं, स्वप्न होतं. मेलेल्या बापापाशीही आपल्याला स्वप्नातच जाता आलं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या विचारानं त्याला आणखीच कसंतरी झालं. घोंगडी झटकून तो उठला आणि त्याची नजर उंचवट्याकडं गेली.

काल रात्री गोल उंचवटा होता. आता उंचवटा नव्हता. माती खचली होती. खड्डा गोल खणला होता, पण खचलेली जागा गोल नव्हती. लांब होती. जिथं कुणी कुदळ मारली नव्हती तिथवर, थेट ज्वारीच्या आत गेली होती. खांद्यापाशी रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती. त्या जागेतली ज्वारीची ताटं एकही मोडलेली नव्हती. जशीच्या तशी उभी होती, फक्त शेजारच्या ताटांपेक्षा हातभर खाली गेली होती.

निंगप्पा तिथंच बसला. ऊन वर आल्यावर भावकीतली माणसं आली, गोळा होऊन बघायला लागली. हे कशानं झालं, असं त्यांनी विचारलं. निंगप्पाच्या ओठावर सगळं आलं होतं. पण समोर चार माणसं बघितली आणि त्याची मान खाली गेली.

"घुशीनं पोखरलं असंल," तो म्हणाला.

त्यानं दोन गाड्या माती आणून जागा भरून घेतली, पाणी मारून चोपून बसवली. पावसाळ्यात ती खचली नाही. पुढच्या येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खचली. निंगप्पा गेला, त्याची पोरं गेली, आता नातवंडं ट्रॅक्टरनं नांगरतात आणि दर वर्षी त्या कोपऱ्यात माती टाकतात. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो होतो. खचलेली जागा नुसत्या नजरेनंच मापली. एक माणूस पाय पसरून निजेल, एवढी.